पुतळ्याच्या हातातली तलवार

बेळगावच्या राणी चन्नम्मा चौकातून मी गेली तीस वर्षे जातो-येतो. हातात तलवार घेतलेल्या त्या पुतळ्याकडे पाहून पूर्वी अभिमान वाटे. अलीकडे अभिमानाबरोबर थोडी शरमही वाटते. त्याचे कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील नववीची एक हुशार मुलगी एकाएकी येईनाशी झाली. चौकशी केली तेव्हा कळले, बसथांब्यावर दोन-तीन टवाळ पोरे तिची वाट अडवीत. मी तिच्या वडिलांना बोलावून घेतले आणि मोठ्या शहाणपणाने सल्ला दिला, "दुसऱ्या बसने पाठवा, एकटीला सोडू नका." त्यांनी माझे ऐकले आणि एक पाऊल पुढेच टाकले. मुलीची शाळा बंद केली. ती दहावीला बसलीच नाही. वर्गात राणी चन्नम्मा रंगवून सांगणारा मी इतिहासाचा शिक्षक, पण वेळ आली तेव्हा वाट बदलायला सांगितली ती मुलीलाच! ही बोच मनात घेऊन मी आपल्याच भागाचा इतिहास पुन्हा वाचू लागलो.

बैलहोंगल तालुक्यात बेलवडी नावाचे गाव आहे. दक्षिणेची मोहीम आटोपून शिवाजी महाराजांचे सैन्य १६७८ च्या सुमारास या वाटेने परतत होते. सैन्याचे सामान वाहणारे बैल गावकऱ्यांनी पळवले, असे निमित्त सांगतात. त्यातून लढाई जुंपली. मराठी बखरीत या देसाईणीचे नाव सावित्रीबाई, तर कानडी परंपरेत ती बेलवडी मल्लम्मा. तिने बायकांना शस्त्रे शिकवून त्यांचे पथक उभे केले होते, असे कानडी परंपरा मानते. गढी २७ दिवस झुंजली असे सांगतात. एवढी राज्ये जिंकणाऱ्या माणसाला एका देसाईणीला नमवता येईना, अशा अर्थाचा मजकूर राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी फेब्रुवारी १६७८ च्या पत्रात लिहिला आहे. ही साक्ष मला मोलाची वाटते.

अखेर गढी पडली. पुढची हकीकत आपण सर्वजण मोठ्या अभिमानाने सांगतो. सखुजी गायकवाड या सरदाराने तिच्याशी गैरवर्तन केले आणि महाराजांनी त्याचे डोळे काढवून त्याला कैदेत टाकले, असे बखरकार सांगतात. धारवाडजवळच्या यादवाड गावी महाराजांचे एक जुने शिल्प आहे. ते मल्लम्मेनेच कृतज्ञतेने कोरवून घेतले, अशी तिकडची श्रद्धा आहे. एकाच दगडापुढे मराठी आणि कानडी अशा दोन्ही माणसांनी हात जोडावेत, असे हे स्थळ आहे.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली. पण तिच्यातील एक साधा मुद्दा माझ्या ध्यानात फार उशिरा आला. महाराजांसारखा राजा असूनही न्याय आला तो घटनेनंतर. राजा झाला, पोलीस झाले, बाप झाला की हेडमास्तर झाला, सगळे मागाहूनच पोचतात. पहिला क्षण त्या बाईचा एकटीचा असतो. विद्या लागते ती त्या क्षणासाठी.

आता पुतळ्यातील चन्नम्मांकडे वळू. त्यांचा जन्म १७७८ चा, बेळगावच्या वेशीवरील काकतीचा. घोडा, धनुष्य आणि तलवार त्या लहानपणीच शिकल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. कित्तूरच्या मल्लसर्ज देसायांशी त्यांचे लग्न झाले. पती गेले, पुढे १८२४ मध्ये मुलगाही गेला आणि दत्तक मान्य करायला कंपनी सरकारने नकार दिला. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी कित्तूरच्या वेढ्यात धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. तेव्हा राणींचे वय ४६ होते. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज घेऊन परत आले आणि किल्ला पडला. राणी बैलहोंगलच्या कैदेत १८२९ मध्ये वारल्या. परकरातल्या मुलीने गिरवलेला धडा छत्तिसाव्या नव्हे, शेहेचाळिसाव्या वर्षी उपयोगी पडला. शत्रू दारात आल्यावर कोणी तलवार धरायला शिकत नाही.

झाशीच्या राणी लक्ष्मीबाई या तर आपल्याच तांब्यांच्या मनकर्णिका. त्या ब्रह्मावर्तात दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाखाली वाढल्या. मल्लखांबाची कला पुन्हा ऊर्जितावस्थेला आणणारे बाळंभटदादा देवधर हे याच बाजीरावांच्या काळातले. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या धामधुमीत झाशीत होते. 'माझा प्रवास'मध्ये ते सांगतात की बाईसाहेबांना शरीर कसण्याचा भारी नाद होता आणि पहाटे उठून त्या मल्लखांब करीत. राज्याचा कारभार अंगावर असलेली विधवा रोज पहाटे मल्लखांबावर चढते, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ त्या लढताना पडल्या. आपल्याला तो शेवटचा दिवस पाठ असतो. त्याआधीच्या शेकडो पहाटा आपण विसरतो.

यावर कोणी म्हणेल, या तर राण्या आणि देसाईणी; त्यांना उस्ताद मिळाले, घोडे मिळाले. खरे आहे. तेव्हा ही विद्या वाड्यातच होती. आज ती शाळेच्या मैदानावर येऊ शकते, एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे.

आम्ही शाळेत मुलींसाठी कराटे आणि लाठीचा वर्ग काढला, तेव्हा एक पालक म्हणाले, "सर, उद्या पोरीचं लगीन करायचं हाय. हातपाय मोडून घेतला म्हंजे?" मी विचारले, "मामा, विहिरीचं पाणी शेंदताना, गवताचा भारा उचलताना हातपाय मोडत नाहीत काय?" ते हसले, पण मुलीला पाठवले मात्र दोन महिन्यांनी. पहिल्या दिवशी सात मुली होत्या. आता तीसेक असतात, मराठी घरातल्या आणि कानडी घरातल्याही. कराटेची मोजणी जपानीत असते, त्यामुळे आमच्या सीमाभागात त्यावरून वाद नाही!

लक्ष्मीबाई पडल्या, चन्नम्मा कैदेत गेल्या. विद्या असली की जय ठरलेलाच, असे इतिहास सांगत नाही आणि मीही मुलींना सांगत नाही. आमच्या वर्गाचा पहिला धडा मोठ्याने ओरडण्याचा, दुसरा सुटून पळण्याचा. हात उगारण्याचा धडा त्यानंतरचा. कायदाही पाठीशी आहे. स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंडसंहितेत होता आणि १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. गरजेपुरतेच बळ वापरावे, ही त्यातली अट मुलींना आवर्जून सांगतो. आणि दोष वाट अडवणाऱ्याचा असतो, चालणारीचा नव्हे, हा धडा मुलग्यांच्या वर्गात जाऊन देतो. तो देण्यात मी आजवर कमी पडलो.

शाळा सोडलेली ती मुलगी आता संसाराला लागली आहे. मध्यंतरी बाजारात भेटली, वाकून नमस्कार केला. मी वर्गाचे सांगितले, तेव्हा एवढेच म्हणाली, "माझ्या वेळंला का नाही काढला, सर?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. दरवर्षी २३ ऑक्टोबरला कित्तूरचा उत्सव भरतो, पाठोपाठ किंवा आगेमागे दिवाळी येते. पुतळ्याला हार जरूर घाला. पण घरी परत गेल्यावर आपल्या लेकीला एवढे विचारा, "बाळ, कुठल्या वर्गाला नाव घालू?"