टाकाऊ वस्तूचे पूर्वायुष्य : श्विटर्सच्या ‘मेर्त्स’विषयी

कलाकृतीत प्रवेश करणारी वस्तू आपला इतिहास बाहेर ठेवून येते काय, हा प्रश्न जर्मन चित्रकार-कवी कुर्ट श्विटर्स (१८८७–१९४८) याच्या निर्मितीने उपस्थित केला. महायुद्धातील पराभवानंतरच्या हॅनोव्हर शहरात तो ट्रामची तिकिटे, लाकडाचे तुकडे, तारा, चाके गोळा करून खिळ्यांनी व सरसाने जोडू लागला. एका रचनेत चिकटवलेल्या छापील कागदावर ‘कोमेर्त्स’ (व्यापार) या शब्दापैकी ‘मेर्त्स’ एवढेच उरले होते. १९१९ मध्ये तेच त्याने आपल्या कलाव्यवहाराचे नाव केले. नावदेखील सापडलेलेच होते.

श्विटर्सची स्वतःची मीमांसा मात्र रूपवादी होती. प्रत्येक वस्तूत तिचे एक ‘विष’ असते आणि रचनेत इतर घटकांशी संबंध जडताच ते उतरते, असे तो मानी. संवाद, विरोध व समतोल या मर्ढेकरप्रणीत लयतत्त्वांशी परिचित असलेल्या मराठी वाचकास ही भूमिका परकी वाटणार नाही.

परंतु ‘मेर्त्सबाउ’चा इतिहास या मीमांसेला दुजोरा देत नाही. राहत्या घरात वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या या शिल्परचनेच्या कोनाड्यांत मित्रांकडून आणलेल्या वस्तू ठेवलेल्या होत्या. पुढे त्यांपैकी पुष्कळशा पांढऱ्या प्लॅस्टरआड गेल्या. १९३७ मध्ये श्विटर्सला नॉर्वेत आश्रय घ्यावा लागला; त्याच वर्षी म्युनिकच्या ‘अवनत कला’ प्रदर्शनात नाझींनी त्याच्या कृती उपहासासाठी मांडल्या. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात मेर्त्सबाउ नष्ट झाले. पेटर बिसेगर याने १९८१ ते १९८३ या काळात जुन्या छायाचित्रांवरून मुख्य दालनाची प्रतिकृती उभारली; ती हॅनोव्हरच्या श्प्रेंगेल संग्रहालयात आहे. कोन, पृष्ठे व प्रकाश यांची लय तीत अनुभवता येते. त्या प्लॅस्टरमागे मात्र कोणाचेही काही नाही. रूप हेच सर्वस्व असते, तर ही उणीव आपल्याला जाणवली नसती.

श्विटर्स कवीही होता, ही गोष्ट येथे आनुषंगिक नाही. कवीलाही शब्द वापरलेलेच मिळतात. म्हणून ‘सापडलेल्या वस्तू जोडण्यात निर्मिती ती कसली?’ हा आक्षेप घेणाऱ्याला तो कवितेवरही घ्यावा लागेल. त्याचबरोबर, शब्दाचे पूर्वायुष्य पुसून केवळ लय उरते, असेही म्हणता येणार नाही. विष पुरते उतरत नाही. रचना त्याची मात्रा ठरवते. समीक्षेला रचनेची आणि त्या विषाची, दोहोंची नोंद घ्यावी लागते.