समितीतली उद्योजकाची खुर्ची

भोकरदन तालुक्यातलं धावडा अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीकडे वसलेलं. या पट्ट्यात मिरची होते, कापूस होतो, मका होतो. इथल्या शाळेत मुलांना हाताला काम मिळेल असं काही शिकवायचं ठरलं तर काय शिकवावं, हे कुणाला विचारायचं? सरकारी कागदावर उत्तर ठरलेलं आहे: स्थानिक उद्योजकाला. समिती कुठलीही असो, तिच्यात एक खुर्ची त्याची. ही खुर्ची मुळात कुणासाठी घडवली गेली, हे पाहिलं की ती खेड्यात रिकामी का राहते याचा अंदाज येतो.

गावगाड्यात तिची गरजच नव्हती. सुताराचं पोर बापाच्या हाताखाली शिकायचं आणि तिफण नीट चालली नाही तर शेतकरी दारात येऊन सांगायचा. अभ्यासक्रम, परीक्षा आणि सल्ला एकाच अंगणात. जात मात्र त्याच अंगणाला कुंपण घालून बसलेली होती, हे विसरून त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

शिकवणारा आणि काम देणारा वेगळे झाले ते गिरण्यांच्या मुंबईत. यंत्रं लँकेशायरची, ती सांभाळणारे तंत्रज्ञही तिकडचेच. इथली माणसं तयार करायची तर शाळा हवी, आणि शाळेसाठी पैसा हवा तो गिरणीमालकांकडे होता. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट उभी राहिली, ती भायखळ्यात, दिनशा पेटिट यांनी दिलेल्या जागेत. पुढे ती माटुंग्याला गेली. ज्याला माणूस हवा त्यानेच शाळेला हात द्यायचा, हा पायंडा तिथे दिसतो. लंडनमध्ये १८७८ साली तिथल्या व्यावसायिक संघांनी सिटी अँड गिल्ड्स संस्था काढली होती, तिचाही न्याय हाच.

१९३७ साल मजेशीर आहे. त्या वर्षी ॲबट आणि वुड या दोन इंग्रज अधिकाऱ्यांचा हिंदुस्थानातल्या व्यवसायशिक्षणावरचा अहवाल आला. प्रत्येक प्रांतात सल्लागार मंडळ असावं, उद्योग-व्यापारातल्या लोकांनी शिक्षणखात्याशी बसून बोलावं, असं त्यांनी सुचवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला गांधीजींनी परिषद भरवली आणि नई तालीम मांडली. हस्तोद्योग हेच शिक्षणाचं माध्यम, आणि मुलांच्या हातून होणाऱ्या उत्पादनातून शाळेचा खर्चही निघावा, अशी कल्पना. एका योजनेत मालक सल्ला देणार, दुसरीत मालकच नाही. स्वतंत्र भारताने वर्ध्याला नमस्कार केला आणि चालवला तो ॲबट-वुडचा मार्ग. धावडा तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्याला दोन्हींची खबर असण्याचं कारण नव्हतं.

पुढे १९५६ मध्ये व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद झाली, तिच्यात मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखानदाराला सल्ल्यावर सोडलं नाही, मुलं घेण्याची सक्तीच केली. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला ‘किमान कौशल्यावर आधारित’ अभ्यासक्रम १९८८ च्या सुमारास आले. त्यामागच्या केंद्राच्या योजनेत जिल्ह्याची पाहणी करून अभ्यासक्रम ठरवायचे होते. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने १९९० पर्यंत उच्च माध्यमिकची दहा टक्के मुलं व्यवसायशिक्षणाकडे वळवायचं ठरवलं होतं. १९९२ मध्ये ती मुदत १९९५ वर गेली.

खुर्चीला खरा अधिकार मिळाला २००७-०८ मध्ये. देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयसाठी प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज, ते वापरणारी संस्था व्यवस्थापन समिती, तिचा अध्यक्ष उद्योगातला आणि प्राचार्य सचिव. वीस टक्क्यांपर्यंतच्या जागा कशा भरायच्या हेही समितीच्या हातात. पुण्या-औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतीजवळ हे जमण्यासारखं होतं. भोकरदनच्या बाजूला अध्यक्ष होण्याजोगा कारखानदार आणायचा कुठून? जालना शहरात लोखंडाच्या रोलिंग मिल आहेत, पण त्यांना लागणारा माणूस आणि डोंगरकडेच्या गावाला लागणारा माणूस एक नव्हे.

जालन्याचा दुसरा धंदा बियाण्याचा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको काढली आणि संकरित बियाणं हे या जिल्ह्याचं नाव झालं. हे बियाणं शेतात तयार होतं. कापसाच्या कळीतले पुंकेसर संध्याकाळी काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या फुलातले पराग लावायचे. नख जरा चुकलं की बोंड गेलं. हे बारीक काम बहुतेक बायका-मुली करतात. यात काम देणारा कोण? कंपनी, तिचा माणूस, करार केलेला शेतकरी, की मजुरी वाटणारा मुकादम? समितीच्या नमुना अर्जातली ‘उद्योजक’ ही एक ओळ इथे पुरत नाही. माझं मत विचाराल तर या खुर्चीवर कळीतले पुंकेसर काढणारी बाई बसवावी.

तसं काहीसं झालेलंही आहे, पण खुर्ची न मांडता. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून जे सुरू केलं, त्याला १९८७ मध्ये राज्य मंडळाने आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञान हा विषय म्हणून मान्यता दिली. वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन, अन्न-आरोग्य. शिकवायला गावातले कारागीर, आणि मुलं गावाची खरी कामं पैसे घेऊन करणार. गेट वाकडं बसलं तर गिऱ्हाईक सांगणारच. इतका चोख सल्ला ठरावांच्या वहीत सापडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातले सहावी ते आठवीचे दहा ‘दप्तराविना’ दिवसही स्थानिक सुतार, माळी, कुंभार यांच्याकडेच मुलं पाठवायला सांगतात.

धावड्यात अशा दिवसांसाठी मोटार रिवाइंडिंगवाला, ठिबकची दुरुस्ती करणारा, मिरचीचा व्यापारी, रोपवाटिकेवाला यांना विचारावं लागेल. तोडणीच्या दिवसांत दुपारी दोनची बैठक ठेवली तर यातला एकही येणार नाही. मुख्याध्यापकांनी संध्याकाळी दुकानावर जावं आणि एवढंच विचारावं: नवा पोरगा हाताखाली आला की सगळ्यात आधी काय बिघडवतो?