वाक्यात उपयोग करा

इंग्रजीच्या पेपरात ‘खालील वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न येतो तो दोन-चार मार्कांसाठी. पण बीड जिल्ह्यातल्या वडवणीकडच्या पोरांच्या तोंडात इंग्रजी कशी बसली आणि कुणाच्या तोंडात का बसली नाही, हे सांगायला मला एवढा एक प्रश्न पुरतो. याच भागात इंग्रजी शिकवता शिकवता मी निवृत्त झालो.

आमच्याकडं इंग्रजी फार उशिरा पोचली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली छापून झाला, तो तिकडं, इंग्रजांच्या मुलखात. बीड जिल्हा निजामाचा. कचेरीचं काम उर्दूत, वरच्या वर्गातलं शिक्षण उर्दूत. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, तिथंही इंग्रजी हा सक्तीचा विषय तेवढा होता, बाकी सगळं उर्दूतून. म्हणजे डोंगरपट्ट्यातल्या पोराला इंग्रजीपर्यंत जायचं तर वाट उर्दूतून. अंबाजोगाईला, तेव्हाच्या मोमिनाबादला, स्वामी रामानंद तीर्थ 1935 पासून योगेश्वरीची शाळा चालवत होते, पण तिथं मुलगा ठेवायची ऐपत किती घरांची असणार? माझे वडील शेवटपर्यंत उर्दूत सही करायचे. परवा 2023 साली कुणबी दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं मराठवाडाभर धुंडाळावी लागली. वडील असते तर त्यांना मोठा मान मिळाला असता.

17 सप्टेंबर 1948 ला निजामी संपली, 1956 ला आम्ही मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्र झाला. माझ्या पिढीला इंग्रजी मिळाली ती पाचवीपासून. मिळाली ती पाठांतरानं. ‘गो, वेंट, गॉन’, ‘टेक, टुक, टेकन’ असा सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, बाहेर रस्त्यावर ऐकू जायचं. घरात कुणाकडं तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असली तर तो पोरगा नशीबवान. तर्खडकरांना मी आजही मानतो. मराठी वाक्य घ्या, त्याचं इंग्रजी करा, इंग्रजी घ्या, त्याचं मराठी करा, ही शिस्त त्यांनी अनेक पिढ्यांना लावली.

पुढं बीएड करताना हॉर्नबीचं नाव कानावर आलं. हा इंग्रज मास्तर 1924 साली जपानला गेला. इंग्रजी परकी असलेल्या पोरांना शिकवता शिकवता त्याच्या ध्यानात आलं, की नुसता शब्दाचा अर्थ देऊन भागत नाही, क्रियापद वाक्यात कुठल्या साच्यात बसतं ते दाखवावं लागतं. त्यानं असे 25 साचे काढले आणि उदाहरणाची वाक्यं देणारा कोश केला. तो 1942 साली टोकियोत छापला गेला. ऑक्सफर्डनं 1948 साली तोच आपल्या नावानं काढला. आमची पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामी संपली, त्याच साली. टोकियोतल्या पोरांची अडचण आणि वडवणीतल्या पोरांची अडचण एकच होती, हे वाचून मला फार धीर आला होता.

अडचण कुठली, ते ‘लुक’ या एका क्रियापदावरून सांगतो. ‘लुक अ‍ॅट’ म्हणजे बघणं, ‘लुक फॉर’ म्हणजे शोधणं, ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं. शेपटी बदलली की अर्थ पार दुसरीकडं जातो. पोरं म्हणायची, सर, हे पाठ कसं करायचं? मी म्हणायचो, तुमच्या घरात काय बोलतात ते आठवा. ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली, यंदा हंगामात ती फिटली नाही, पैसे अंगावर राहिले. पैसे काय अंगावर बसतात? ‘कारखान्याला गेले’ म्हणजे कारखाना बघायला गेले का? उसाच्या फडात कोयता चालवायला गेले. हे कुणी पाठ केलं होतं? कुणीच नाही. घरात ते रोज घडत होतं, म्हणून आपोआप कळलं.

पण गाईडात वाक्य ठरलेलं असायचं: ‘ही लुक्स आफ्टर हिज गार्डन.’ आमच्याकडं बाग कुणाची? डोंगराच्या उतारावरचं हलकं रान, पावसावर बाजरी-कापूस, आणि दसरा-दिवाळी झाली की गावात ट्रक लागायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. असे कोयते भरून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जायचे, ते गुढीपाडव्याच्या आसपास परतायचे. धाकटी लेकरं सोबत, फडाजवळच्या कोपीवर. उसाचं वाढं विकायला, पाणी भरायला त्यांचे हात लागायचे. मोठी दोन-चार मागं, म्हातारीपाशी. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी हजेरी घ्यायचो तेव्हा नावामागून नाव गैरहजर.

एकदा नववीच्या वर्गात मी सांगितलं, गाईड मिटा, ‘लुक आफ्टर’चं वाक्य आपल्या घरातलं लिहा. एका मुलीच्या वहीत क्रियापद, अर्थ, वाक्य अशा तीन उभ्या ओळी आखलेल्या होत्या. तिसऱ्या ओळीत तिनं लिहिलं होतं, ‘माय ग्रँडमदर लुक आफ्टर अस अपटू पाडवा.’ ‘लुक’ला ‘एस’ राहिला होता. मी तो लावून दिला आणि सहज विचारलं, मग आजीला कोण बघतं? तिनं वही ओढून घेतली आणि खाली लिहिलं, ‘आय लुक आफ्टर हर.’ इथं ‘एस’ नको, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. आजीला दिसत नव्हतं. सकाळी आजीचं आवरून, धाकट्या भावाला जेवू घालून ती शाळेत यायची. पाडव्याला पोरगी परत आई-बापाच्या हवाली होणार, तोवर त्या घराचा कर्ता माणूस तीच.

तिचं ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं. मग सगळा वर्ग वाक्यं करतच सुटला. ‘वेट फॉर’ आलं, त्यावर मुकादमाच्या फोनची वाट. ‘गिव्ह अप’ आलं, त्यावर थोरल्या भावानं सातवीत सोडलेली शाळा. ‘कम बॅक’ला तर सगळ्यांकडं वाक्य होतं. माझं ठाम मत आहे, की खेड्यातल्या पोरांना इंग्रजी येत नाही असं म्हणणाऱ्यांनी आधी बघावं, त्यांना वाक्यं कुणाच्या घरातली दिलीत. क्रियापद पोराच्या घरात घडत असेल तर ते तोंडात बसतं.

2000 साली सरकारनं इंग्रजी पहिलीपासून केली. चांगलं केलं, पोरांची भीती कमी झाली. त्याआधी-नंतर कारखान्यावर सोबत जाणाऱ्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, मागं राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं आली, 2010 पासून शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला. तरी वसतिगृह हंगामाच्या सुरुवातीला चालू झालं नाही, तर पोरगं आईबरोबर ट्रकमध्ये बसतं आणि त्याचं वर्ष तिथंच तुटतं.

पाठ्यपुस्तकाचा क्रम मात्र जून ते एप्रिल असाच, जणू सगळी पोरं वर्षभर वर्गात असणार. म्हणून मी माझ्यापुरता तो मोडला. शेवटच्या पाठांतले जोड-क्रियापदांचे सगळे स्वाध्याय अलीकडं ओढले आणि जून ते दसरा, वर्ग भरलेला असताना, उरकायला लागलो. धडे मागं राहिले तरी चालतील, ते पुस्तकात असतात. वाक्यं करायला समोर पोर लागतं. माझ्या जागी आलेल्या सरांना मी त्या क्रमाची वही दिली आहे. तेही आता वाक्प्रचार घटस्थापनेच्या आत संपवतात, आणि कारखान्याला निघालेल्या पोरांकडून जायच्या आधी प्रत्येकी दहा वाक्यं लिहून घेतात.