स्वातीखालचं पाणी

वैशाखात रात्री अकराच्या सुमारास बपेऱ्याजवळ बावनथडीच्या काठी उभं राहून मान वर केली, की जवळजवळ माथ्यावर नारिंगी स्वाती दिसते. पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरूनही ती अशीच डोक्यावरून जाते, कारण ती बेटं आणि तुमसर तालुक्यातलं हे सीमेवरचं गाव यांच्या अक्षांशांत फारसं अंतर नाही. हवाईयन भाषेत स्वातीला म्हणतात होकुलेआ, आनंदाचा तारा.

हेच नाव 1975 मध्ये एका जोडहोडीला मिळालं. पॉलिनेशियन लोक वाऱ्यानं भरकटत बेटांवर पोचले असावेत, असं तेव्हा अनेक अभ्यासक मानत. ते खोडायचं तर होकायंत्राशिवाय ताहिती गाठून दाखवायला हवं होतं. पण ती विद्या जाणणारा हवाईत कुणी उरला नव्हता. अखेर मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरून माऊ पियाइलुग यांना बोलावलं गेलं. तारे कुठे उगवतात आणि कुठे मावळतात, हे त्यांना पाठ होतं. ढगांमुळे तारे दिसेनासे झाले, तर लाटांच्या हेलकाव्यावरून ते दिशा ओळखत. 1 मे 1976 रोजी निघालेली होकुलेआ सुमारे 4,000 किलोमीटर कापून 4 जूनला ताहितीला पोचली. पुढे 1980 मध्ये हवाईचेच नायनोआ थॉम्पसन यांनी उपकरणांविना हाच मार्ग पार केला.

असाच एक प्रयोग आपल्याकडेही झाला. अजिंठ्याच्या 2 क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं, उंच शिडांचं जहाज रंगवलेलं आहे. वाशीमच्या, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्मच्या, वाकाटकांचा तो पाचव्या शतकातला काळ. त्या चित्राच्या आधारे गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘कौंडिण्य’ जहाज बांधलं गेलं. केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या. इंजीन नसलेलं हे जहाज डिसेंबर 2025 मध्ये पोरबंदरहून निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोचलं.

बपेऱ्याच्या नौकाप्रेमीला इतकं मोठं जहाज नको. बावनथडीचं पाणी वैनगंगेत, तिथून प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं. शिकायला हा प्रवाह पुरेसा आहे. भोवरा कुठे धरतो, धार कोणत्या काठाला लागते, खाली खडक असला की वरचं पाणी कसं उसळतं, हे मोबाइल खिशात ठेवून डोळ्यांनी पाहावं. लाइफ जॅकेट मात्र अंगावर हवंच, आणि पुराच्या दिवसांत पाण्याबाहेरच राहावं.

हवाईला गुरू दुसऱ्या बेटावरून आणावा लागला. वैनगंगेच्या खोऱ्यात आयुष्यभर डोंगा चालवलेले ढिवर अजून आहेत. त्यांच्यासोबत पहाटे जाळं टाकायला जाता येतं.