आज्ज्याचा खुबा, झुरिकची क्रेन आणि खिलार बैल

आजचा भाग जरा घरचा आहे. मागच्या पावसाळ्यात आमचा आज्जा गोठ्यात घसरून पडला आणि डावा खुबा मोडला. आटपाडीहून गाडी थेट मिरजेला. (मिरजच का? १८९४ मध्ये विल्यम वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरनं तिथं दवाखाना काढला, तेव्हापासून आमच्या भागातली आजारपणं मिरजेकडंच निघतात.)

डॉक्टरांनी एक्स-रे लाईटवर लावला आणि बोट ठेवलं ते उजव्या खुब्यावर. म्हणजे न मोडलेल्या. "ह्या बारीक कमानीसारख्या रेघा दिसतात का? इथं तुटल्यात. ग्रेड तीन. हे पडण्याच्या खूप आधीचं आहे."

मी बीटेक मेकॅनिकल, नोकरी कोडिंगची. आपल्याकडं यात नवीन काही नाही. पण ती कमान बघून मला स्ट्रेंथ ऑफ मटेरियलचं पुस्तक आठवलं. आणि गंमत म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी झुरिकमध्ये एका इंजिनिअरचंही असंच झालं होतं.

त्याचं नाव कार्ल कुलमान. तो पूल आणि क्रेनचं गणित शिकवायचा. त्याच गावात हर्मान फॉन मायर नावाचा शरीररचनेचा प्राध्यापक मांडीची हाडं उभी कापून आतली जाळी रंगवत होता. कुलमाननं ते चित्र पाहिलं आणि म्हणे ओरडलाच, ही तर माझी क्रेन! वाकड्या क्रेनवर भार टाकला की दाब कुठून जातो आणि ताण कुठून, त्याच्या रेषा तो काढायचा. खुब्यातल्या काड्या जवळपास त्याच वाटेनं चालल्या होत्या. मायरनं हे १८६७ मध्ये छापलं. मग बर्लिनच्या युलियस वोल्फनं १८९२ मध्ये पुस्तकच लिहिलं: हाडावर जसा भार, तसं हाड स्वतःला बदलतं. वोल्फचा दावा होता की हे अगदी काटेकोर गणितानं होतं. तेवढं खरं निघालं नाही. कुलमानचं गणित भरीव वस्तूचं होतं आणि हाड आतून पोकळ जाळीचं. पण मूळ मुद्दा टिकला.

आता आकाराकडं येऊ. १६३८ मध्ये, नजरकैदेत असताना, गॅलिलिओनं एक साधा हिशोब छापला. प्राणी सगळ्या बाजूंनी दुप्पट केला तर वजन आठपट होतं, पण हाडाची जाडी, म्हणजे कापलेला भाग, फक्त चौपट. म्हणून मोठ्या जनावराला प्रमाणाबाहेर जाड हाडं लागणार. मग हत्ती अजून का मोडला नाही? बरंचसं उत्तर उभं राहण्यात आहे. उंदीर पाय दुमडून चालतो, हत्ती खांबासारखे सरळ ठेवतो. अँड्र्यू बीवनर या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये हे मोजून दाखवलं. पाय सरळ झाला की हाडावरचा ताण आवाक्यात राहतो.

आत डोकावलं की आणखी मजा. २०११ मध्ये सुमारे ९० प्राणी-पक्ष्यांची मांडीची हाडं स्कॅन झाली, तीन ग्रॅमच्या चिचुंद्रीच्या जातीपासून आशियाई हत्तीपर्यंत. मोठ्या प्राण्यात काड्या जाड आणि लांब-लांब, छोट्यात बारीक आणि दाट. पण एकूण जागेत हाड किती, हे प्रमाण आकारानं फारसं बदलत नाही. आणि बाहेरची भिंत? माणसाच्या हाडात सूक्ष्मदर्शकाखाली गोल-गोल कडी दिसतात, मधोमध नळी. क्लॉप्टन हॅव्हर्सनं लंडनमध्ये १६९१ मध्ये तिच्याबद्दल लिहिलं. उंदरात ही कडी जवळपास नसतातच. गाई-बैलात बराच भाग विटांच्या थरांसारखा दिसतो, कारण वासराला काही वर्षांत शेकडो किलो व्हायचं असतं, हाड भराभर रचावं लागतं.

बैल म्हटलं की आमच्याकडं खिलार. माण-म्हसवड आणि आटपाडी हे त्याचं घर. खरसुंडीच्या यात्रेतला बाजार पाहिला नसेल तर एकदा जाच. हलकं, काटक, पळणारं जनावर. आज्जा रोज पहाटे जोडी फिरवायला न्यायचा. "आरं, बैल बसला की संपला," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मला वाटायचं तो स्नायूंबद्दल बोलतोय.

हाडाचंही तेच आहे. १९७७ च्या एका अभ्यासात टेनिसपटूंच्या खेळत्या हाताच्या दंडाचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड निघालं, पुरुषांत भिंत सुमारे ३५ टक्के जास्त. माणूस तोच, आहार तोच, फक्त दणके वेगळे. उलट अंतराळवीरांची खुब्याची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का विरघळतात. कुस्तीगिरांची हाडं घट्ट भरतात. पोहणाऱ्यांना, सायकलवाल्यांना तेवढा फायदा नाही, वजन हाडावर येतच नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्य जिंकले ते ५७ किलोच्या आतल्या गटात. देह छोटा, पण जोर-बैठकांचा आणि मातीतल्या आपटण्याचा हिशोब केवढा!

मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. वर्षभरात आज्ज्यानं जोडी विकली. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी परत आली तेव्हा तो ऐंशीच्या पुढं होता. जोडी गेली म्हणून खुबा मोडला असं मी म्हणणार नाही. वय हे मोठं कारण आहेच. पण ती सात-आठ वर्षं तो खाटेवर बसून टीव्ही बघत होता, आणि मी पुण्यात खुर्चीवर.

डॉक्टरांचं ते "ग्रेड तीन" मात्र भारतीय डॉक्टरांनी दिलेलं आहे. १९७० मध्ये मनमोहन सिंग (पंतप्रधान नव्हेत) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्यातल्या रेघा कोणत्या क्रमानं पुसल्या जातात ते लावलं: सहा म्हणजे धडधाकट, एक म्हणजे जवळपास कोरं. आज त्यासाठी डेक्सा मशीन आहे, पण एक्स-रेवर बोट ठेवून घरच्यांना समजावायला सिंगसाहेबांची पद्धत अजून चालते.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, आज्जा वॉकर घेऊन गोठ्यापर्यंत गेला. बावीस पावलं, त्यानंच मोजली. गोठ्यात आता एक शेळी आहे. तिला हात लावून परत आला.