मकरानचा जलजला आणि मुंबईचा किनारा

किल्लारीचा भूकंप अणदूरकरांना निराळा सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली आणि हजारोंना उंबरठा ओलांडण्याचीही सवड मिळाली नाही. परंतु भूकंपाने तासन्‌तास सवड देऊनही माणसे बुडाली, असा प्रसंग आपल्याच महाराष्ट्रात घडून गेला आहे. त्याची आठवण मात्र फारसे कोणी काढत नाही.

२८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनच्या सुमारास अरबी समुद्राच्या उत्तरेस, मकरानच्या किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा जलजला झाला. तेथे समुद्रतळाचा एक थर दुसऱ्याखाली सरकत असतो. हा किनारा आज पाकिस्तानात आहे. तेव्हा देश अखंड होता. पसनी, ओरमारा ही बलुच मच्छीमारांची गावे. भूकंपातून वाचलेल्यांवर समुद्र चालून आला. किनाऱ्यालगत चिखलाची नवी बेटे वर आली. मृतांचा आकडा कित्येक ग्रंथांत ४,००० दिलेला आहे, तर अलीकडील संशोधक तो ३०० च्या आसपास धरतात. गरीब कोळ्यांची मोजदाद किती काळजीने होते, हे यावरून दिसते.

तीच लाट दक्षिणेकडेही निघाली. खोल समुद्रात अशी लाट विमानाच्या वेगाने धावते, उथळ पाण्यात मंदावते आणि उंच होते. मुंबईपुढील समुद्र दूरवर उथळ आहे. त्यामुळे सुमारे १,२०० किलोमीटरचे अंतर कापून ती सकाळी सव्वाआठच्या सुमारास मुंबईस पोचली. उंची साडेसहा फूट. वर्सोव्याला मासेमारी करणारे पाच जण वाहून गेले, हाजीअलीजवळ सहा जण समुद्रात ओढले गेले. दांडा आणि जुहू येथे होड्यांचे दोर तुटले. एकीकडे बलुच, दुसरीकडे आपले कोळी बांधव. पाण्याने जातपात विचारली नाही.

भूकंप आणि ही लाट यांत साडेचार तासांहून अधिक वेळ गेला होता. मुंबईत तारघर होते, रेडिओ होता; पण धोका ओळखून किनाऱ्यावर कळविणारी व्यवस्था नव्हती. ती उभी राहण्यास २००४ ची महाभयंकर त्सुनामी घडावी लागली. २००७ पासून हैदराबादच्या केंद्रातून असे इशारे दिले जातात.

तथापि भूकंपाच्या अगदी जवळच्या गावांना यंत्राची वाट पाहून चालत नाही. इंडोनेशियातील सिमेउलुए बेटावर १९०७ मध्ये अशीच लाट आली होती. तेथील मुस्लिम कोळ्यांनी तिला ‘स्मोंग’ म्हटले, आणि जमीन जोरात हलून पाणी मागे हटले की डोंगरावर पळा, हे आजी-आजोबा नातवंडांना सांगत राहिले. २००४ मध्ये पहिली लाट काही मिनिटांतच तेथे पोचली. सुमारे ७८,००० वस्तीच्या त्या बेटावर सात माणसे दगावली.