१७. लवचीक यान
सौर पाती, अँटेना, जोडदांडे असे लांब, सडपातळ आणि वजनाला हलके भाग असलेले अंतराळयान. असा भाग धक्का बसताच ठरावीक वेगाने हेलकावे घेऊ लागतो (दर सेकंदाच्या हेलकाव्यांना ‘नैसर्गिक वारंवारता’ म्हणतात) आणि निर्वातात हवेचा अवरोध नसल्याने ते लवकर शमत नाहीत. एप्रिल १९९० मध्ये कक्षेत सोडलेली हबल दुर्बीण पृथ्वीच्या सावलीतून उन्हात येताच तिची सौर पाती ताणून धरणाऱ्या पातळ पोलादी दांड्यांची एक बाजू आधी तापे, दांडे वाकत आणि त्या थरथरीने दुर्बिणीचा नेम ढळे. डिसेंबर १९९३ मध्ये ती पातीच बदलावी लागली. यानावरच कक्षेत घडवल्या जाणाऱ्या लांब दांड्याची अडचण त्याहून बिकट आहे, कारण असा दांडा घडता घडताच वाढत असतो आणि एका टोकाला घट्ट जखडलेल्या, सर्वत्र सारख्या जाडीच्या दांड्याची लांबी दुप्पट झाली, की त्याची नैसर्गिक वारंवारता चौथाईवर येते. त्यामुळे नियंत्रणप्रणाली बदलत्या लांबीनुसार सतत जुळवून घ्यावी लागते, अन्यथा यानाची दिशा सावरण्यासाठी दिलेले झोतच कंपनाला जोर देतात.